पेरभर मलम

औषध मोजायचं एक माप आमच्या घरात आहे. ते कपाटात नाही, माझ्या उजव्या हाताला आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या वळीपर्यंतचं पेर. ट्यूब दाबायची, मलमाची रेघ त्या वळीपर्यंत आणायची आणि तिथे थांबायचं. झालं एक पेर. चिऊ चार महिन्यांची होती तेव्हा हे माप मला एका बाईंनी बोट हातात धरून शिकवलं. आज चिऊला सोळावं वर्ष लागलं आहे.

मधल्या वर्षांत लोक विचारत आले, "कुठल्या औषधानं बरी झाली हो पोर?" मी औषधाचं नाव सांगते. ते साधं आहे, स्वस्तही आहे. पण सांगताना दर वेळी वाटतं, आपण अर्धंच उत्तर दिलं. कारण ते औषध आजारपणाच्या दुसऱ्याच आठवड्यात आमच्या घरात आलं होतं. ते तिच्या अंगाला नीट लागेपर्यंत दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात आणि त्यानंतरच्या दीड वर्षात ज्यांनी आम्हाला सावरलं, त्यांचं देणं माझ्याकडे राहिलं आहे. ते फिटायचं नाही. निदान मांडून तरी ठेवावं, म्हणून हे लिहिते आहे.

चिऊचा जन्म २००९ च्या ऑक्टोबरातला. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं भाड्याचं घर होतं. दोन खोल्या, समोर सामाईक अंगण, दिवसभर कानावर यंत्रमागांची खडखड, आणि अंगणापलीकडच्या दारात अम्मा. बारशाला आलेली प्रत्येक बाई चिऊच्या गालांवरून बोट फिरवून गेली, इतके ते मऊ होते. डिसेंबरची थंडी पडली आणि त्याच गालांवर तांबूस चट्टे उठले. आधी वाटलं, थंडीनं उलले असतील. मग ते ओलसर झाले, त्यांवर खपली धरली. कपाळावर, डोक्यात पसरलं. दंडांच्या बाहेरच्या बाजूला आणि नडग्यांवर खरखरीत पापुद्रे आले. लंगोटाखालची कातडी तेवढी स्वच्छ राहिली. ती खूण होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

तीन महिन्यांच्या बाळाला खाजवता येत नाही. त्याचा हात हव्या त्या जागी पोचत नाही. म्हणून ते घासतं. चिऊ माझ्या खांद्यावर गाल घासायची, दुपट्यावर डोकं घासायची, एका पायाची टाच दुसऱ्या नडगीवर घासायची. रात्री पांघरुणात ऊब आली की हे वाढायचं. सकाळी माझ्या ब्लाऊजच्या खांद्यावर रक्ताचे बारीक ठिपके असायचे. घरातलं कुणी उठायच्या आत मी ते धुऊन टाकायची. का लपवत होते, ते मलाही सांगता आलं नसतं. आपल्या दुधातच काही खोट आहे असं कुठेतरी वाटत असावं.

उपाय सगळ्यांकडे होते आणि सगळे मायेनं सांगत होते. सासूबाई पाटावर बसून, पाय लांब करून, बाळाला त्यांवर पालथं घालायच्या आणि कढत पाण्यानं न्हाऊ घालायच्या. डाळीचं पीठ आणि हळद दुधात कालवून अंग चोळायच्या. त्यांची चारही मुलं याच न्हाण्यावर वाढलेली. कुणी कडुलिंबाचा पाला उकळून दिला. कुणी म्हणालं उष्णता आहे, कुणी म्हणालं दृष्ट आहे. मग सगळ्यांची नजर माझ्या ताटाकडे वळली. दूध बंद, दही बंद, अंडं बंद, वांगं बंद आणि सोलापुरात राहून शेंगांची चटणी बंद. मी भात, मुगाचं वरण आणि दुधी भोपळ्यावर आले. माझं वजन उतरलं. लेकीचे गाल होते तसेच राहिले.

जवळच्याच एका डॉक्टरांनी इसब आहे असं सांगून मलम लिहून दिलं होतं. हायड्रोकॉर्टिझोन, एक टक्का. "थोडं थोडं लावत जा," एवढंच ते म्हणाले. घरी येऊन खोक्यातला कागद उलगडला, त्यावर स्टेरॉईड हा शब्द वाचला आणि आमचे हात गारठले. एका नातेवाइकांनी सांगितलं, यानं कातडी कायमची पातळ होते. सासूबाई म्हणाल्या, इसब वरून दाबलं की आत जातं आणि पुढे दमा होतो. मी मुगाच्या दाण्याएवढं घेऊन दोन दिवस लावलं. गाल जरा निवले. भीतीनं थांबवलं, चार दिवसांत पुन्हा पेटले. असं तीनदा झालं. मग ती ट्यूब फळीवर मागे सरकली आणि तिच्यापुढे मसाल्याचे डबे आले.

तशात पलीकडच्या गल्लीतून दुसरी ट्यूब आली. त्यांच्या मुलाला दोन दिवसांत गुण आला होता. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळायची. ज्या मलमाला आम्ही घाबरलो होतो, त्याच्या कितीतरी पट जहाल स्टेरॉईड हिच्यात होतं. सोबत बुरशीवरचं आणि जंतूंवरचं औषध. पण हे तीन औषधांचं मिश्रण आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि या वेळी खोक्यातला कागद मी वाचला नाही. शेजारणीनं दिलेल्या वस्तूची भीती वाटत नाही. दोन दिवसांत चिऊचे गाल लख्ख झाले. मी देवापुढे साखर ठेवली. ट्यूब संपली तसे गाल पहिल्यापेक्षा लाल होऊन उठले. मी दुसरी आणली. ती संपली आणि तिसरी आणायला निघाले.

नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून पुढच्या चौकातल्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरमागे जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक वयस्कर दुकानदार. त्यांनी ट्यूब काढली, आणि द्यायच्या आधी विचारलं, "कुणासाठी?"

"बाळासाठी."

"केवढं आहे?"

"चौथा महिना लागलाय."

त्यांनी ट्यूब पुन्हा कप्प्यात ठेवली. "ताई, ही मी देणार नाही. दुसरीकडे मिळेल, मला ठाऊक आहे. पण तिकडूनही घेऊ नका." मग एका कोऱ्या बिलाच्या मागे त्यांनी मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या त्वचारोग विभागाचे वार आणि वेळ लिहून दिली, डॉक्टरांचं नाव लिहिलं आणि नावाखाली रेघ ओढली. मी तो कागद पर्समध्ये कोंबला आणि मनातून त्यांच्यावर रागावून घरी आले. त्यांना साधे धन्यवादही दिले नाहीत.

आठ वर्षांनी, २०१८ मध्ये, केंद्र सरकारनं अशा चौदा स्टेरॉईडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ती बातमी वाचली तेव्हा मला तो कप्पा आठवला. त्या गृहस्थांनी हा नियम आपल्या दुकानापुरता आधीच केला होता, आणि त्यासाठी गिऱ्हाईक परत पाठवायची त्यांची तयारी होती. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा दुकानावर दुसरी पाटी होती. ते धन्यवाद तसेच राहिले आहेत.

तो कागद दहा दिवस पर्समध्ये पडून राहिला. संक्रांत आली. सोलापुरात ते दिवस सिद्धेश्वराच्या यात्रेचे. नंदीध्वज निघतात, गड्ड्यावर पाळणे लागतात, सगळं गाव रस्त्यावर असतं. घरातल्या पहिल्या नातीचं बोरन्हाण होतं. काळं मखमली झबलं आणलं होतं, हलव्याचे दागिने मागवले होते. हलव्याचा काटा किती नाजूक दिसतो! फुटलेल्या कातडीवर तो वाळूसारखा लागत असणार, हे माझ्या ध्यानात आलं नाही. बोरं, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या डोक्यावरून ओतल्या. मुलं लुटायला धावली. चिऊ आक्रोश करत होती आणि सगळे म्हणत होते, गर्दीला बुजली.

त्या रात्री तिला ताप भरला. सकाळी गालांवर मधासारखी पिवळी खपली होती आणि मानेत गाठी आल्या होत्या. मी पर्समधून तो कागद काढला.

ओपीडीच्या बाकावर तीन तास बसलो. डॉक्टर मॅडम चाळिशीच्या असतील. त्यांनी चिऊला टेबलावर घेतलं आणि आधी लंगोट सोडला. "इथे काही नाही," असं म्हणून मान हलवली. मग घरात दमा कुणाला, शिंका कुणाला, हे विचारलं. माझ्या वडिलांना दमा होता. नवऱ्याला रोज सकाळी उठल्यावर दहा-बारा शिंका येतात. "म्हणजे हिला हे दोन्हीकडून आलंय," त्या म्हणाल्या. "यात तुमच्या दुधाची काही चूक नाही. आणि या क्षणी इसबापेक्षा त्यावर चढलेले जंतू महत्त्वाचे आहेत." स्टॅफिलोकोकस नावाचे हे जंतू इसबाच्या कातडीवर ठाण मांडून असतात आणि संधी मिळाली की आत शिरतात. पाच दिवस चिऊला सलाईनमधून प्रतिजैविकं दिली. ताप उतरला, खपली गळाली.

घरी सोडायच्या दिवशी मॅडमनी आम्हाला थांबवून घेतलं. बाहेर रांग होती, तरी त्यांनी अर्धा तास दिला. मी ज्याला ऋण म्हणते, तो हा अर्धा तास.

"सोलापूरच्या आहात ना?" त्यांनी सासूबाईंना विचारलं. "मग चादरीची वीण तुम्हाला माहीत आहे. ताणा-बाणा घट्ट असला की पाणी लगेच झिरपत नाही, धूळ आत बसत नाही. हिच्या कातडीची वीण जन्मतः विरळ आहे. आतला ओलावा बाहेर जातो, बाहेरची धूळ, साबण, पीठ आत जातं आणि अंग पेटून उठतं." काही मुलांच्या अंगात ही वीण घट्ट करणारं एक प्रथिनच कमी असतं. त्याला फिलॅग्रिन म्हणतात. त्याच्या जनुकातल्या बिघाडाचा इसबाशी असलेला संबंध स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी २००६ मध्ये, म्हणजे चिऊच्या जन्माच्या तीनच वर्षं आधी दाखवून दिला होता. मॅडमनी मला एवढं सगळं सांगितलं नाही. ते मी नंतर वाचलं. त्या वेळी 'वीण विरळ आहे' एवढं पुरलं. ज्याला मी महिनाभर आपलं पाप समजत होते, त्याला पहिल्यांदा एक कारण मिळालं.

मग त्यांनी फळीवरची ती जुनी ट्यूब मागितली. मी सोबत नेली होती. मला वाटलं, रागावतील.

"स्टेरॉईडची भीती वाटणं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण जिची वाटायला हवी होती ती ट्यूब तुम्ही बिनघोर लावलीत, आणि जी खरी कामाची होती ती फळीवर ठेवलीत. यातलं तारतम्य कळायला माप लागतं. बोट पुढे करा."

त्यांनी माझी तर्जनी धरली आणि टोकापासून पहिल्या वळीपर्यंत मलमाची रेघ ओढली. "हे एक पेर. साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला हे पुरतं. हिचा चेहरा आणि मान मिळून एक पेर. एका हाताला एक. एका पायाला दीड. याहून जास्त नको आणि याहून कमीही नको. लाल असेल तिथेच, आणि लाली पूर्ण जाईपर्यंत." मग ते पेरभर मलम माझ्याकडूनच चिऊच्या गालांना आणि मानेला लावून घेतलं. चोळू दिलं नाही, पसरवायला लावलं. मी दीड महिना मुगाचा दाणा घेऊन बसले होते. म्हणजे आग विझत आली की पाणी बंद करत होते आणि पुन्हा भडकली की पाण्याला दोष देत होते.

पुढे वाचनात आलं, की पेराचं हे माप कार्डिफच्या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी, लाँग आणि फिन्ले यांनी, १९९१ मध्ये मांडलं. हायड्रोकॉर्टिझोन इसबावर चालतं हे न्यूयॉर्कच्या सल्झबर्गर आणि विटन यांनी १९५२ मध्ये दाखवलं होतं. म्हणजे औषध माझ्या आईच्याही आधीचं. त्यांचंही मी देणं लागते. पण ते माप पुस्तकातून उतरून माझ्या बोटावर आलं, ते या बाईंनी बाहेरची रांग थांबवून ठेवली म्हणून.

सासूबाई तोवर गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "दाबलं तर दमा नाही ना व्हायचा?"

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "आजी, तुम्ही पाहिलंय ते खोटं नाही. अशा काही मुलांना पुढे दमा होतो. पण दोन्हीचं मूळ एक आहे म्हणून होतो. मलमानं इसब आत जात नाही. आणि कातडी उघडी ठेवून दमा टळतही नाही." आजींच्या अनुभवाला त्यांनी खोटं पाडलं नाही, त्याचा अर्थ तेवढा बदलला. मला वाटतं, सासूबाईंचं मन वळलं ते याच वाक्याला.

कारण त्या दिवसापासून न्हाणीघराचा ताबा त्यांनीच घेतला, आणि सगळे नियम स्वतःचे करून टाकले. डाळीचं पीठ बंद, साबण बंद. पाणी कोमट; कोपर बुडवून बघायचं. न्हाणं पाच ते दहा मिनिटांचं. सोलापुरी टॉवेल जाड म्हणून बाजूला ठेवला आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं टिपायचं, पुसायचं नाही. त्यानंतर तीन मिनिटांच्या आत, अंग अजून दमट असताना, सर्वांगाला पेट्रोलियम जेली लावायची. आठवड्याला निदान शंभर ग्रॅम संपली पाहिजे, असं मॅडमनी बजावलं होतं. "महागड्या बाटलीपेक्षा भरपूर लावणं महत्त्वाचं," हे त्यांचं वाक्य. सासूबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओरडायच्या, "दोन मिनिटं झाली गं, डबी कुठाय?" पन्नास वर्षांची आपली रीत एका दुपारी सोडून देणं काय असतं, ते मला आज कळतं, कारण आज माझ्याही काही रीती तयार झाल्या आहेत.

लाली गेल्यावरही सोमवार आणि गुरुवार असे आठवड्यातून दोन दिवस, नेहमी उठणाऱ्या जागांवर मलम लावायचं होतं. वरून स्वच्छ दिसलं तरी आत निखारा असतो, तो पुन्हा फुलू नये म्हणून. सासूबाई कालनिर्णयवर त्या दोन वारांना कुंकवाचं बोट लावायच्या. २०१० चं ते कालनिर्णय अजून माझ्याकडे आहे. एकादशी, चतुर्थी, संकष्टीच्या मधून कुंकवाचे ठिपके वर्षभर ओळीनं गेलेले आहेत. ऑगस्टात चार ठिपके नाहीत. त्या आठवड्यांत त्या स्वतः आजारी होत्या.

आता अम्मा.

अम्मा पद्मशाली समाजातल्या. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. नवरा चादरीच्या कारखान्यात होता, तो गेल्यावर त्यांनी विड्या वळून तीन मुलं वाढवली. सकाळी दाराशी मांडीवर सूप घेऊन बसायच्या आणि पान कातरून, तंबाखू भरून, बोटांच्या एका फिरकीत विडी वळायच्या. हजार विड्या झाल्या की उठायच्या. त्यांच्या बोटांना तंबाखूचा वास कायमचा होता, त्यामुळे चिऊला त्यांनी कधी हातात घेतलं नाही. लांबून बोलायच्या, "चिट्टी तल्ली" म्हणायच्या. त्यांना बाळाची ओढ नाही असा माझा समज झाला होता.

दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी अम्मा दारात उभ्या राहिल्या. हातात पिशवी. पिशवीत सहा झबली. त्यांच्या नेसून नेसून विरलेल्या सुती साड्यांची, हातानं शिवलेली. मी एक उलटं करून पाहिलं तर शिवण दिसेना. "शिवण बाहेरून घातली," त्या म्हणाल्या. "आतून टोचतं तिला." नाडीसुद्धा बाहेर. पुढे मॅडमनी ती झबली पाहिली आणि दोन वेळा विचारलं, हे कुणी सुचवलं. कुणीच सुचवलं नव्हतं. अम्मांनी पाच दिवस आमच्या बंद दाराकडे बघत शिवली होती.

फेब्रुवारीत इसब पुन्हा जोरात आलं. या वेळी जंतू नव्हते, नुसती आग आणि खाज. मॅडमनी चार रात्री ओल्या कापडाची पट्टी करायला सांगितलं. मलम आणि जेली लावायची, कोमट पाण्यात पिळलेलं सुती कापड अंगाला गुंडाळायचं, त्यावर कोरडं कापड, आणि बाळ गारठत नाही ना यावर लक्ष ठेवायचं. जंतू झाले असतील तर हे मुळीच करायचं नाही, आणि स्वतःच्या मनानं तर नाहीच, हेही बजावलं. कापड अम्मांच्या साडीचं. पहिल्या रात्री माझे हात थरथरत होते. नवरा रात्रपाळीला गेलेला. अम्मा आल्या, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, वास घेऊन पाहिला, पुन्हा धुतले. तरी बाळाला हात लावला नाही. मी गुंडाळत होते आणि त्या समोर कंदिलासारखा टॉर्च धरून बसल्या होत्या. "सैल. आणखी सैल. आता बरोबर." एकच्या सुमाराला चिऊ झोपली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा सलग चार तास झोपली. अम्मा म्हणाल्या, "तू पण पड. मी बघते." मी पडले. जाग आली तेव्हा उजाडलं होतं, टॉर्चचा सेल संपला होता आणि अम्मा भिंतीला टेकून जाग्या होत्या. त्या दिवशी त्यांचं सूप दुपारपर्यंत भिंतीला टेकवलेलं होतं. हजार विड्या म्हणजे एक दिवसाची मजुरी. अशा चार रात्री झाल्या.

त्या दिवसांत कुणी मला पैसे देऊ केले असते तर मी परत करू शकले असते. झोप कशी परत करायची?

माझं ताटही मॅडमनीच परत भरलं. "अमुक खाल्ल्यावर दर वेळी तासाभरात अंगावर गांधी उठतात, असं दिसलं तर सांगा, तपासू. नाहीतर सगळं खा. उपाशी आईचा बाळाला काय उपयोग?" मी त्या दुपारी ज्वारीची भाकरी, दही आणि शेंगांची चटणी खाल्ली आणि खाताना रडले. इसब असलेल्या बाळांना भुईमूग वर्षानुवर्षं टाळायला सांगायचे. २०१५ मध्ये लंडनमधला एक मोठा अभ्यास आला. त्यात ६४० बाळं होती, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. ज्यांना लहानपणापासून भुईमूग नियमित खाऊ घातला, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयात भुईमुगाची ॲलर्जी सुमारे ३ टक्के मुलांना होती, आणि ज्यांना टाळला त्यांच्यात सुमारे १७ टक्के. आज माझ्या भाचीच्या बाळाला इसब आहे. तिच्या डॉक्टरांनी आधी तपासून मगच दाण्याचं बारीक कूट पातळ करून द्यायला सांगितलं. मी ऐकत होते, आणि आपल्या त्या दुधी भोपळ्याच्या दिवसांचं वाईट वाटत होतं.

ज्यांच्या घरी असं बाळ आहे त्यांना मी आणखी एक गोष्ट हटकून सांगते, कारण मॅडमनी ती मला जाताजाता दारात थांबवून सांगितली होती. ओठावर तापाचे फोड आलेल्या कुणालाही बाळाचा मुका घेऊ देऊ नका. तोच विषाणू इसबाच्या कातडीवर झपाट्यानं पसरतो. ताप आणि एकसारखे पाणीदार फोड दिसले, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

चिऊ एका औषधानं, एका महिन्यात बरी झाली, असं झालं नाही. इसब आटोक्यात येतं, मागे सरतं, पुन्हा डोकं वर काढतं. दीड वर्षाची असताना ते गालांवरून उतरून कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या वळणात आलं. चौथ्या वर्षी लोकर अंगाला लागली की उठायचं. शाळेत जायला लागली तशी मधली अंतरं वाढत गेली. दुसऱ्या वर्षीच्या संक्रांतीला आम्ही तिचं बोरन्हाण पुन्हा केलं. अम्मांनी काळ्या सुती कापडाचं झबलं शिवलं, शिवण बाहेरून. हलव्याचे दागिने त्या झबल्यावरून घातले. त्या फोटोत चिऊ हसते आहे आणि तिच्या मागे दारात, अर्ध्या चौकटीबाहेर, अम्मा उभ्या आहेत.

सासूबाई सात वर्षांपूर्वी गेल्या. डॉक्टर मॅडमची बदली झाली; जाण्याआधी मी पेढे घेऊन गेले होते, त्यांनी एक घेतला आणि उरलेले बाहेरच्या रांगेत वाटायला सांगितले. आम्ही आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. पण यात्रेच्या दिवसांत पूर्व भागातल्या त्या अंगणात जायचं, हे ठरलेलं आहे.

या जानेवारीतही गेलो. अम्मा आता विड्या वळत नाहीत, दिसत नाही. थंडीनं त्यांच्या हातांना भेगा पडल्या होत्या, बोटांच्या पेरांपाशी रक्त साकळलं होतं. चिऊनं ते पाहिलं आणि कुणी न सांगता पाणी कोमट केलं. अम्मांचे हात त्यात बुडवले, साडीच्या जुन्या फडक्यानं टिपले आणि आपल्या दप्तरातली जेलीची डबी काढली. ती अजूनही डबी बरोबर ठेवते. अम्मा हात मागे ओढत होत्या. "नको गं. तंबाखूचा वास असतो त्याला. तुला त्रास होईल."

"अम्मा, वास नाही येत," चिऊ म्हणाली, "आणि हलू नका, तीन मिनिटं होत आली."

पंधरा वर्षांत त्या हातांनी माझ्या लेकीला प्रथमच स्पर्श केला. चिऊ एकेका पेरावर डबीतली जेली पसरवत होती. चोळत नव्हती.